परदेशातल्या पाट्या, त्यांची अक्षरं आणि आपली देवनागरी

अक्षरयात्री (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

लंडनच्या भुयारी रेल्वेने कधी गेलात तर 'पॅडिंग्टन'च्या पाटीवरच्या छोट्या इंग्रजी 'आय'चं टिंब जरूर बघा. ते गोल नाही. शंकरपाळ्यासारखं, कोपऱ्यावर उभं आहे. ही अक्षरं एडवर्ड जॉन्स्टन यांची. ते मूळचे सुलेखनकार. भुयारी रेल्वेतल्या फ्रँक पिक यांनी १९१३ मध्ये त्यांना हे काम सांगितलं आणि १९१६ पासून ही अक्षरं वापरात आली. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून कागदावर टेकवली की तसंच टिंब उमटतं. ज्यांनी लहानपणी बोरूने कित्ता गिरवलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आपला अनुस्वारही बोरूने काढला की अगदी असाच येतो. जमिनीखाली, गर्दीत, पांढऱ्या-निळ्या पत्र्यावर एका माणसाच्या हाताची ही खूण शंभर वर्षं टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. मध्ये १९७९ च्या सुमारास एइइची कोनो या जपानी डिझायनरने ती अक्षरं नव्याने बेतली, २०१६ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने पुन्हा हात फिरला, हॅशटॅग आणि 'ॲट'ची चिन्हंही आली. टिंब मात्र तेच.

मी सध्या रेडिंग विद्यापीठात टाइप डिझाइन शिकते आहे. इथल्या टायपोग्राफी विभागाच्या संग्रहात लायनोटाइप, मोनोटाइप या छपाईयंत्रांच्या काळातली भारतीय लिप्यांची कामाची कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत. एकेक अक्षर वीतभर उंचीचं काढलेलं, बाजूला पेन्सिलीने आकडे. हे बघताना कळतं की छापील अक्षर 'सहज' दिसावं म्हणून कुणीतरी किती बसून काम केलेलं असतं.

पण धागा काढायचं कारण संग्रह नाही, रस्ता आहे. इथल्या रस्त्यावरच्या पाट्या.

१९५० च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या पाट्या म्हणजे ज्याच्या मनात येईल तशा होत्या. मग मोटरवे, म्हणजे वेगवान गाड्यांचे हमरस्ते, आले. १९५८ मध्ये प्रेस्टन बायपास हा पहिला तुकडा खुला झाला. ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावणाऱ्या गाडीतल्या माणसाला पाटी वाचायला जेमतेम काही सेकंद मिळतात, तेव्हा जुनी पद्धत चालणार नव्हती. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांना आधी मोटरवेच्या आणि मग सगळ्या रस्त्यांच्या पाट्यांचं काम मिळालं. नव्या पाट्या १ जानेवारी १९६५ पासून लागू झाल्या आणि आजही त्याच आहेत. मोटरवेला निळा, मुख्य रस्त्यांना हिरवा, बाकीच्यांना पांढरा.

त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. एक, गावाची नावं सबंध मोठ्या अक्षरांत न लिहिता पहिलं अक्षर मोठं आणि पुढची छोटी ठेवली. त्यामुळे प्रत्येक नावाला चढउताराची स्वतःची एक आकृती येते आणि ओळखीचं नाव वाचायच्या आधीच दिसतं. त्या काळी यावर चांगलंच वाजलं होतं. डेव्हिड किंडर्स्ली या अक्षर-कोरक्याने मोठ्या अक्षरांचा स्वतःचा पर्याय पुढे केला आणि दोन्हींच्या रीतसर चाचण्या झाल्या. दुसरी गोष्ट, दोन अक्षरांमधली जागा. पाटी बनवणारा कामगार टाइपमधला जाणकार असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक अक्षर त्याच्या ठरलेल्या रुंदीच्या चौकटीत बसवून दिलं. चौकटीला चौकट चिकटवली की अंतर आपोआप बरोबर. आणि पाटीवरची बाकीची सगळी मापं, कडेची रिकामी जागा, दोन ओळींतलं अंतर, बाणाची जाडी, हे सगळं मोठ्या 'आय'च्या काठीच्या जाडीच्या पटीत. अक्षर ठरलं की पाटी ठरली. नमुन्याच्या पाट्या त्यांनी हाइड पार्कात झाडांना टेकवून लांबून बघितल्या होत्या.

शाळेजवळच्या पाटीवरची मुलगी लहान भावाचा हात धरून पुढे चालली आहे, ती कॅल्व्हर्टनी स्वतःवरून काढली. आधीच्या पाटीत मुलगा पुढे असायचा.

तुम्ही जिथे शिकलात, फिरलात, राहिलात तिथे असं काय नजरेत भरलं? आणि ते बघून आपल्या पाट्यांबद्दल काय वाटलं? लांबलचक लिहा, घाई नाही.

सह्याद्रीकर

वा! धाग्याची वाचनखूण साठवली आहे. मी नोकरीनिमित्त जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. इंजिनिअर आहे, डिझाइनमधलं काही कळत नाही, पण गाड्यांच्या नंबरप्लेटबद्दल सांगतो.

इथल्या नंबरप्लेटवरची अक्षरं पहिल्यांदा बघितली की वेडीवाकडी वाटतात. 'पी'चा आणि 'आर'चा पोटाचा भाग वेगळा, ३ आणि ८ चा एकमेकांशी काही संबंध नाही, शून्याला आणि 'ओ'ला निराळी वळणं. हे मुद्दाम आहे. सत्तरच्या दशकात दहशतवादी गट काळ्या रंगाचा एक फटकारा किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावून 'पी'चा 'आर', ३ चा ८ करायचे. म्हणून अशी अक्षरं बनवली की एकाचं दुसरं करता येऊ नये. फेरफार केलाच तर लांबून डोळ्याला खटकावा. काम सुरू झालं सत्तरच्या दशकाच्या शेवटी, प्रत्यक्ष पाट्यांवर ती आली नव्वदीत. कार्लगेऑर्ग हॉफर हे त्यामागचं नाव.

मला यात आवडलं ते असं की सुंदर दिसणं हा उद्देशच नव्हता, आणि तरी आता ती सवयीने सुंदर वाटतात. शिवाय त्यांच्याआधी तिथे जी अक्षरं होती, १९३६ च्या डीआयएन १४५१ या जर्मन मानकातली, ती तर आजही हमरस्त्यांच्या पाट्यांवर आहेत. नट-बोल्टला मानक असतं तसं अक्षरालाही असू शकतं हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

शाईचा_डाग

ताई, धागा उत्तम. पण थोडं आपल्या बाजूनेही बोलतो.

आमच्या घरी छापखाना होता. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, केसा म्हणजे ती ठेवायचे घरं पाडलेले खण, ते जुळवायच्या स्टिक, गॅली, यातच वाढलो. इंग्रजीच्या केसेत जेवढी घरं त्याच्या कितीतरी पट मराठीला लागायची, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, मात्रा सगळं निरनिराळं. खिळे जुळवणारा माणूस न बघता हात टाकायचा आणि बरोबर खिळा उचलायचा. मागच्या वर्षी मुलाकडे बेल्जियमला गेलो तेव्हा अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटस संग्रहालय पाहिलं. सोळाव्या शतकातलं छापखान्याचं घर, जसंच्या तसं. जगातली शिल्लक असलेली सर्वांत जुनी दोन छपाई यंत्रं तिथे उभी आहेत, १६०० च्या सुमाराची. २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथल्या खिळ्यांच्या केसांपुढे उभा राहिलो आणि उजवा हात आपोआप 'अ'च्या घराकडे गेला. सुनेने विचारलं, बाबा काय शोधताय?

तर मुद्दा असा. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर काढला. त्यांच्या खिळ्यांची संस्कृत पुस्तकं आजही हातात घ्या. एवढं बारीक अक्षर, त्यात तीन-तीन मजली जोडाक्षरं, आणि कुठे गुदमरल्यासारखं वाटत नाही. पंच, म्हणजे खिळ्यांच्या साच्यासाठी पोलादावर कोरलेलं अक्षर, कापणारे कारागीर आपलेच. त्याआधी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठीचे खिळे सुधारले होते, जावजी तिथेच शिकले. म्हणजे परदेशी लोकांकडून घ्यायचं आणि आपल्या लिपीला जे लागतं ते आपण करायचं, हे आपण दीडशे वर्षांपूर्वी केलेलं आहे. आता का होत नाही, हा माझा प्रश्न.

लिफीकाठची_सखी

आयर्लंडहून लिहिते. इथल्या रस्त्यांवरच्या बहुतेक पाट्या दोन भाषांत, वर आयरिश, खाली इंग्रजी. आयरिश तिरक्या अक्षरांत, पहिलं मोठं आणि बाकी छोटी. इंग्रजी सबंध मोठ्या, सरळ अक्षरांत. हेतू चांगला आहे, दोन्ही भाषा एका नजरेत वेगळ्या कळाव्यात. पण गाडी चालवताना डोळा कुठे जातो? ठसठशीत मोठ्या अक्षरांकडे. मान वरच्या ओळीला, पण आवाज खालच्या ओळीचा. माझ्या आयरिश मैत्रिणीला याचं खूप वाईट वाटतं, तिची आजी घरात आयरिश बोलायची.

शेजारी वेल्समध्ये गेले तेव्हा दोन्ही भाषांची अक्षरं तीच, माप तेच, फरक फक्त जागेचा. २०१६ पासून तिथे नवीन पाटीवर वेल्श आधी यायला हवं असा नियम आहे. मात्र लांबलचक पाटीत पहिल्यांदा जाणाऱ्याची धांदल उडते, कुठली ओळ आपली हे शोधण्यात क्षण जातो. दोन्ही देशांनी एकच प्रश्न सोडवला आणि दोघांनी वेगवेगळी किंमत मोजली.

दोघांचीही लिपी एकच आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे तर लिप्याच दोन.

माहीमची_वाट

@लिफीकाठची_सखी, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत.

आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांचा कायदा २०२२ मध्ये बदलला. देवनागरी मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असं त्यात आहे. मला कायदा मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण 'लहान' मोजायचं कुठून कुठे? माझं दादरला छोटं दुकान आहे. पाटी करणाऱ्याने संगणकात दोन्ही ओळींना अक्षराच्या मापाचा एकच आकडा टाकला आणि म्हणाला, झालं समान. लावल्यावर रस्त्यापलीकडून बघितलं तर मराठी ओळ बारकी. आकडा सारखा, दिसायला लहान. असं का होतं, धागाकर्ती सांगतील का?

अक्षरयात्री

@माहीमची_वाट, हा प्रश्न आला याचा आनंद झाला, माझं इथलं निम्मं काम याच्याभोवतीच चाललंय.

शाईचा_डाग काकांना हे ठाऊक असेलच, संगणकातला आकडा अक्षराचा नसतो, तो खिळ्याच्या अंगाचा असतो. खिळा गेला, आकडा राहिला. इंग्रजी मोठ्या अक्षरांना त्या अंगापैकी बरीचशी उंची वापरता येते, कारण वरखाली फारसं काही नसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, कधी रफार आणि अनुस्वार एकत्र. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक जोडाक्षरं. या सगळ्यांना त्याच अंगात जागा द्यायची म्हटल्यावर मधला 'क' आक्रसतो. म्हणून आकडा सारखा ठेवला तर 'क' बहुतेक वेळा इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा छोटा दिसणार.

पाटीवर मोजायचं ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं अंतर, आणि त्याची तुलना इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीशी. तेवढं समान केलं की रस्त्यापलीकडून दोन्ही ओळी सारख्या वजनाच्या दिसायला लागतात. मात्र मग मराठी ओळीला वर आणि खाली जागा जास्त लागते, आणि पाटी बनवणारा ती द्यायला तयार नसतो. तो काय करतो? ओळ वरखाली दाबून बसवतो. मात्रा चपट्या, उकार पत्र्याच्या कडेला टेकलेले. तुमच्या दुकानाची पाटी पुन्हा करणार असाल तर आधी मराठी ओळ बसवा, पुरेशी हवा देऊन, आणि राहिलेल्या जागेत इंग्रजी.

उंची हा झाला निम्मा भाग. दुसरा आहे गोंधळ होणाऱ्या अक्षरांचा. सह्याद्रीकरांनी 'पी' आणि 'आर' सांगितलं. आपल्याकडे घ-ध, भ-म, थ-य, ख-रव. लांबून 'धोंड' आणि 'घोंड', 'भोर' आणि 'मोर' यांत फरक करणारी गोष्ट कोणती? शिरोरेषेतला तुटलेला भाग. ध आणि भ यांच्या डोक्यावर रेघ पूर्ण जात नाही. तो खंड जेवढा स्पष्ट, तेवढं अक्षर लांबून वाचता येतं. आता हल्ली 'आधुनिक' दिसावं म्हणून शिरोरेषाच काढून टाकायची पद्धत आली आहे. जाहिरातीत, एखाद्या नावात ठीक. पण दिशादर्शक पाटीवर शिरोरेषा काढणं म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातली खूण काढून घेणं. यावर माझं मत ठाम आहे.

किनीर-कॅल्व्हर्टच्या चौकटींची युक्ती देवनागरीला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण अक्षरं शिरोरेषेने जोडलेली. पण तसा विचार करता येतो. पाटी करणाऱ्याला टाइपचं ज्ञान नसलं तरी पाटी बरोबर यावी अशी व्यवस्था त्याच्या हातात द्यायची, एवढंच ते तत्त्व आहे.

नीलपाखरू

शिरोरेषेच्या मुद्द्याला +१. माझ्या आजोबांना मोतीबिंदू होता तेव्हा ते वर्तमानपत्र वाचताना नेमके भ आणि म मध्ये अडखळायचे.

लंडनमध्ये व्हाइटचॅपल स्थानकावर २०२२ पासून बंगालीत नाव लागलं आहे, आणि साउथॉल स्थानकावर गुरुमुखी त्याच्याही आधीपासून आहे. परक्या देशात आपल्या बाजूची लिपी स्थानकावर बघून मी दोन मिनिटं तिथेच थांबले होते. मराठी माणसं तिथे विखुरलेली, त्यामुळे देवनागरीची पाटी कुठे लागेलसं वाटत नाही, पण दुकानांत, मंदिरांत, कार्यक्रमांच्या फलकांवर देवनागरी दिसते आणि ती बहुतेक वेळा मोडलेली असते. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं. लाखो पौंडांच्या प्रदर्शनात 'शक्ति'चं 'शक्‌ति' होऊन 'ि' भलतीकडे गेलेला पाहिलाय. हे का होतं?

अक्षरयात्री

@नीलपाखरू, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे. इनडिझाइनसारख्या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठी वेगळा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, निवडावा लागतो. तो निवडला नाही तर प्रोग्रॅम अक्षरं टाइप केली त्या क्रमाने मांडतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, म्हणून मागे जाऊन बसते. फॉन्ट चांगला असतो, मजकूर बरोबर असतो, एक सेटिंग राहिलेली असते. छपाईआधी ती भाषा वाचणाऱ्या एका माणसाला दाखवणं एवढाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

मध्यान्हीचा_चहा

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

परदेशातला हा नीटनेटकेपणा मलाही आवडतो. पण झुरिच, फ्रँकफर्ट, कोपनहेगन फिरून आलो आणि सगळ्यांचे फोटो एकमेकांत मिसळले. हेल्व्हेटिका ही अक्षरशैली १९५७ ची, बाझेलजवळच्या हास या खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून निघालेली, आज जगभर. विमानतळ कुठलाही असो, अक्षरं तीच. उलट आमच्या कोल्हापुरात पेंटरने ब्रशने काढलेली पाटी बघा. 'ळ'ला दिलेली गाठ, 'र'चा शेपटा ओळीखाली ओढून नेलेला, सावलीला दोन रंग. दोन गल्ल्या ओलांडल्या की दुसऱ्या पेंटरचा हात ओळखू येतो. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी काढली की नाटक विनोदी की गंभीर हे जाहिरातीतल्या अक्षरावरून कळायचं. मानक आलं की हे सगळं जातं. फ्लेक्सने निम्मं नेलंच आहे.

मांडवीकाठ

पेंटरांबद्दल पूर्ण सहमत. पण दोन्ही गोष्टी एका गावात नांदू शकतात. लिस्बनला शिकायला होतो. तिथे माद्रे द देउसच्या जुन्या मठात अझुलेजोंचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पाच शतकांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा. आणि बाहेर रस्त्यावर भिंतींत बसवलेल्या फरशांवर हाताने लिहिलेली घरांची, दुकानांची नावं. मेट्रोत उतरलात तर पाट्या अगदी काटेकोर, आणि त्याच स्थानकाच्या भिंतीवर चित्रकारांनी केलेलं फरशीकाम. रस्ता दाखवायची जबाबदारी एकाची, गाव दाखवायची दुसऱ्याची.

पणजीच्या फोंतेन्यासमधून गेलं की मला लिस्बन आठवतं, ही फरशी तिथूनच आली. भारतातला पहिला छापखानाही गोव्यातच, १५५६ चा. पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीत. मराठी ओव्या, आणि अक्षरं परकी. देवनागरीचे खिळे तेव्हा इथे असते तर मराठी छपाईचा इतिहास दोनशे वर्षं आधी सुरू झाला असता, ही हळहळ मला अजून आहे.

सह्याद्रीकर

@मध्यान्हीचा_चहा, झुरिच आठवलंच आहे तर तिथल्या स्थानकावरचं घड्याळ आठवा. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये केलेलं. पांढरी तबकडी, काळे जाड काटे, आकडे नाहीतच. सेकंदाचा लाल काटा नंतर, १९५३ मध्ये आला, फलाटावर गाडीला निशाण देणाऱ्या माणसाच्या हातातल्या लाल चकतीवरून. तो काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि वर थांबतो. मुख्य घड्याळाकडून विजेचा इशारा आला की मिनिटकाटा टुणकन पुढे जातो आणि लाल काटा पुन्हा निघतो. देशभरची घड्याळं एका क्षणाला मिनिट बदलतात. हे मानकच आहे, पण मला तरी त्यात एका माणसाचं डोकं दिसतं, पेंटरच्या ब्रशइतकंच.

गवती_चहाची_वाफ

मेक्सिको सिटीचा अनुभव अजून कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. तिथली मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली. तेव्हा बऱ्याच प्रवाशांना वाचता येत नव्हतं, म्हणून लान्स वायमन यांनी प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण त्या नावातच नाकतोड्याची टेकडी आहे. आता वाचता येणारेही चित्रावरूनच स्थानक सांगतात. मला स्पॅनिश येत नव्हतं, मी चित्रं मोजत हिंडले.

तिथे उभं असताना मुंबईची लोकल आठवली. फर्स्ट क्लासच्या आणि लेडीजच्या डब्यावरचे तिरके रंगीत पट्टे, आणि फलाटावर तेच पट्टे. गाडी यायच्या आधी कुठे उभं राहायचं हे निरक्षर बाईलाही कळतं. बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडा आणि बाजूला इंग्रजी, हीसुद्धा विचार करून केलेली सोय. आपण परदेशात जाऊन बघायला शिकतो आणि मग आपल्याकडचं दिसायला लागतं, माझ्या बाबतीत तरी असंच झालं.

जपानमध्येही थोडे दिवस होते. अंधांसाठी फुटपाथवर बसवतात त्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा १९६७ मध्ये ओकायामात सुरू झाल्या, सेइइची मियाके यांनी बनवलेल्या. लांबट उंचवटे म्हणजे चालत रहा, गोल म्हणजे थांबा. आपल्या मेट्रो स्थानकांवर आता त्या आहेत. पण फुटपाथवर कधी कधी ती ओळ सरळ विजेच्या खांबापाशी जाते. फरशी आली, तिचं व्याकरण आलं नाही. ज्याला दिसत नाही तो त्या ओळीवर विश्वास टाकून चालणार, हे काम करणाऱ्याला कुणी समजावून सांगायला हवं होतं.

अक्षरयात्री

गवती चहा ताई, फरशीचं व्याकरण हे फार पटलं.

@मध्यान्हीचा_चहा, राग कशाला? पेंटरांच्या अक्षरांवर माझा अत्यंत जीव आहे, कोल्हापूर-सांगलीच्या पाट्यांचे फोटो मी इथे शिक्षकांना दाखवते आणि ते थक्क होतात. फक्त एक सांगते. चांगला पेंटर वर हवा सोडतो, 'भ'चा खंड ठसठशीत ठेवतो, लांबून बघायला रस्ता ओलांडून जातो. किनीर-कॅल्व्हर्टनी हाइड पार्कात केलं तेच. त्याच्या हातातलं हे ज्ञान कुणी मोजून लिहून ठेवलं नाही, म्हणून फ्लेक्स आल्यावर ते मशीनमध्ये गेलं नाही. जे पेंटर आज साठी-सत्तरीत आहेत त्यांच्याकडे बसून हे लिहून घ्यायला हवं, आणि आत्ताच.

शाईचा_डाग

यासाठी मी तयार आहे. आमच्या सांगलीत दोन-तीन जण अजून हातात ब्रश धरतात. काय विचारायचं ते सांगा, मी जाऊन बसतो.

पारिजातकाची_आई

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी मुलगी बारावीला आहे, वहीभर अक्षरं काढत असते. तिला यातच शिकायचंय. परदेशात पाठवायलाच हवं का? खर्चाचं दडपण आहे.

अक्षरयात्री

@पारिजातकाची_आई, आत्ता लगेच अजिबात नको. आधी इथलं पक्कं होऊ दे. मुंबईत जे. जे. उपयोजित कला, अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था, आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र, हे रस्ते आहेत. र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवायचे, विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेसारख्या मुंबईतल्या मंडळींनी 'मुक्ता', 'बलू' असे फॉन्ट केले आणि ते कुणालाही मोफत वापरता येतात. देवनागरीचं उत्तम काम आज महाराष्ट्रात बसून होतं आहे. टाइप डिझाइनच्या खास अभ्यासासाठी रेडिंग किंवा हेगची कला अकादमी ही ठिकाणं पदवीनंतरची आहेत, तेव्हाचं तेव्हा बघता येईल, शिष्यवृत्त्याही असतात.

आत्ता तिला एक करायला सांगा. आपल्या स्टेशनची पाटी, बस, दवाखान्याचा फलक, औषधाचं खोकं यांवरचा 'ल' आणि 'श' वहीत उतरवून काढू दे. मराठी वळणाचा 'ल' कुठे आहे आणि हिंदी वळणाचा कुठे, हे तिला आठवड्यात दिसायला लागेल.

माहीमची_वाट

हे आमच्याही पाटीवर झालंय. 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे आले. पाटीवाला म्हणतो, फॉन्टमध्ये असंच आहे.

अक्षरयात्री

बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' ठेवली असेल तर हिंदी वळण येतं, भाषा 'मराठी' निवडली की ल आणि श बदलतात. वेबपानावरही भाषेचा मराठी कोड दिला की तेच होतं. त्याला सांगा, मजकूर निवडून भाषा बदलून बघ. नाहीच बदललं तर त्या फॉन्टमध्ये मराठी वळण नाही, दुसरा घ्यावा लागेल. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेची प्रमाण वळणं ठरवून दिली आहेत, तो शासन निर्णय छापून त्याच्या हातात द्या.

@शाईचा_डाग काका, पेंटरांसाठीचे प्रश्न आज रात्री लिहून व्यक्तिगत निरोपाने पाठवते. पहिला प्रश्न आत्ताच सांगते: वेलांटी आणि रफार एकत्र आले की ते आधी काय काढतात आणि जागा कशी मोजतात? ते सांगतील ते ऐकून घ्याच, पण हात चालताना जवळून बघा आणि जमलं तर त्यांची परवानगी घेऊन व्हिडिओ करा.